पावणेसहाचं घड्याळ

"आण्णा, वरचं घड्याळ गेलं."

तिशानं हेडसेट कपाळावर सरकवला आणि माझ्याकडं बघितलं. मी तिच्या खुर्चीमागं पोह्यांची बशी घेऊन उभा होतो. हेडसेटच्या आत जे दिसतं तेच समोरच्या मॉनिटरवरही दिसतं. शाळेचा लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना वर्गांची दारं, आणि शेवटच्या भिंतीवर, छताला लागून, एक गोल घड्याळ. पावणेसहा वाजलेले.

"हे काय, आहे की."

"तिथं असेल. आत नाही. नुसतं काळं आहे तिथं."

"मग आतलं काहीतरी अडकलंय. बघतो मी. तू चहा घे जा."

मी हे असंच बोलायचो. जयसिंगपुरात आठव्या गल्लीच्या कोपऱ्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अजून आहे. त्या वेळी गावात माझा जरा दराराच होता म्हणा ना. मगदूमांच्या श्रेणिककडं मशीन गेलं की बरं होऊनच येतं, असं लोक म्हणायचे आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. मनात मात्र उकळ्या फुटायच्या.

तिशा, म्हणजे त्रिशला, माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी. वडील मी कॉलेजात असताना गेले, तेव्हा ही सातवीत होती. डाव्या डोळ्यानं तिला जन्मापासूनच कमी दिसायचं, आणि आमच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या डोळ्यानं समोर माणूस उभा आहे की खांब, एवढंच कळायचं. सगळी भिस्त उजव्यावर. त्यालाही उणे बाराचा नंबर. चष्मा काढला की ती मांजरासारखी डोळे बारीक करायची आणि मी तिला चिडवायचो, "कोण मी, सांग बघू?" ती म्हणायची, "आवाजावरनं तरी गाढवच वाटतंय."

एवढ्या डोळ्यावर पोरीनं कोल्हापुरात इंटिरियरचा डिप्लोमा केला आणि पुण्याच्या एका आर्किटेक्टचं काम घरी बसून मिळवलं. काम असं की, अजून बांधलीच नाही अशी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची. गिऱ्हाइकानं हेडसेट डोळ्यांवर चढवला की तो त्या इमारतीत चालतो, मान वळवून बघतो, जिना चढतो. एका डोळ्यावर तुला हे जमतं कसं, असं मी विचारलं होतं. तर म्हणाली, "मान हलवली की खोली कळते आण्णा. दुसरा डोळा नुसता शोभेला असतोय लोकांना."

तिच्या प्रत्येक इमारतीत कुठंतरी एक घड्याळ असायचं आणि त्यात पावणेसहाच वाजलेले असायचे. आमची आई सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नसे. थंडीतसुद्धा दिवस बुडायच्या आत आटपावं म्हणून बारा महिने पावणेसहाला आमच्याकडं ताटं मांडली जायची. कॉलेज असो, गिऱ्हाईक असो, पावणेसहाला पाटावर. पुण्यातल्या कुणाला ते घड्याळ कधी कळलं नाही. आम्हाला कळायचं.

तर ती शाळा. एका ट्रस्टची होती आणि मेच्या वीस तारखेला त्यांचे विश्वस्त हेडसेट घालून तिच्यातून फिरणार होते. त्यांना पटली की तिशाची नोकरी पक्की होणार होती, पुण्यात टेबल-खुर्चीसकट. आईचा त्याला विरोध होता. मला मात्र मनापासून वाटत होतं की पोरगी जावी, एकटी राहावी, चार लोकांनी तिला मॅडम म्हणावं.

आणि तिचं मशीन बिघडवलं कुणी, तर मीच. पाच तारखेच्या रविवारी नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली होती, ती मी हौसेनं तिच्या मशीनवर चढवली.

"वीस तारखेनंतर टाक की," ती म्हणाली होती.

"अगं, पळायला लागेल मशीन. मग म्हणशील आधीच का नाही टाकलंस."

चढवली, आणि लगेच झाडू मारला. ही माझ्या गुरूंची शिकवण. मिरजेच्या पाटोळे मास्तरांकडं मी तीन वर्षं काम शिकलो. काम झालं की जुनं सगळं झाडून टाकायचं, मशीन हलकं होतं, हा त्यांचा नियम. नवी सिस्टिम दहा दिवस जुनीला बाजूला जपून ठेवते, न जमल्यास परत जाता यावं म्हणून. मी ती त्याच संध्याकाळी पुसली. परत जायची वेळ माझ्यावर कशाला येतेय, हा माज.

दुसऱ्या दिवशी तिशानं हेडसेट घातला आणि पाच मिनिटांत उलटी केली. मान वळवली की चित्र मागून यायचं, तुटत तुटत. मी दुकान बंद ठेवून तीन दिवस त्याच्यामागं लागलो. नव्या सिस्टिमनं ग्राफिक्स कार्डचा मूळ ड्रायव्हर काढून स्वतःचा कसलातरी सरसकट ड्रायव्हर बसवला होता. शिवाय वीज वाचवायच्या नादात ती हेडसेटचा पोर्ट मधेच झोपवत होती. दोन्ही पकडलं. बुधवारी दुपारी आकडा लागला, सेकंदाला नव्वद चित्रं, हेडसेटला लागतात तेवढी. नव्वदला नव्वद. मी तो आकडा आईलासुद्धा बोलावून दाखवला. ती म्हणाली, "बरं झालं. आता जेवायला या."

गुरुवारी घड्याळ गेलं.

आता मला सांगा, चार दिवस जे मशीन रोज नवं दुखणं काढत होतं, त्यानं आणखी एक काढलं तर कुणाला काय वेगळं वाटणार? मी घड्याळाची फाइल नव्यानं बसवली. नाही आलं. शुक्रवारी ती म्हणाली, "आण्णा, कोपऱ्यात मधेच चमकतंय. वीज चमकल्यासारखं." मी म्हटलं केबल ढिली. कोल्हापूरहून नवी केबल आणली. चमकणं राहिलंच.

रविवारी म्हणाली, "आता पंखेपण दिसंनात. दाराच्या चौकटीपर्यंत आलंय काळं."

"काळं म्हणजे कसं?"

"दुकानाचं शटर ओढतोस बघ तू, तसं. वरनं."

"एक डोळा झाकून बघ, कुठल्या भिंगात आहे ते."

ती हसली. "मला कुठला डोळा झाकायला सांगतोयस? डाव्यात असलं तरी मला कळायचं नाही, आणि उजवा झाकला तर काहीच कळायचं नाही."

मीही हसलो. दोन्ही डोळ्यांनी बघणारा दुसरा कुणी असता तर त्या एका क्षणात उलगडा झाला असता. आम्ही दोघं हसलो आणि मी हेडसेटचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवायला घेतलं.

तुम्ही म्हणाल, तू स्वतः का नाही घालून बघितलास. घातला होता, पहिल्याच दिवशी. चष्म्यावरून हेडसेट बसत नाही म्हणून तिनं मिरजेहून तिच्या नंबरची भिंगं करून आत बसवली होती. माझे डोळे चांगले. उणे बारातून मला सगळं धुक्यात दिसलं, डोकं गरगरलं, आणि मी तो काढून ठेवला. पुढं मॉनिटरवरच बघत राहिलो. आकड्यावर माझा विश्वास होता. नव्वदला नव्वद.

मंगळवारी तिनं विचारलं, "जुनी सिस्टिम परत टाकता येत नाही?"

"नाही."

"का?"

"झाडून टाकली."

मशीन कोरं करून पहिल्यापासून सगळं बसवायला दोन दिवस गेले असते, वर तिच्या सॉफ्टवेअरचा परवाना पुण्याहून नव्यानं मागवावा लागला असता. वीस तारीख तोंडावर आलेली. मी म्हटलं, "तू काम कर, मी मागनं दुरुस्त करत राहतो." आणि तिनं केलं. मान मागं टाकून, वर वर बघत, उरलेल्या खालच्या अर्ध्यातून तिनं ती शाळा पुरी केली. पाण्याचे नळ पहिलीतल्या पोरांच्या उंचीचे. जिन्याला दोन कठडे, एक मोठ्यांसाठी, एक लहानांसाठी.

मी बापडा इंटरनेटवर जगभरच्या लोकांची गाऱ्हाणी वाचत बसायचो. कुणाचं चित्र थरथरतंय, कुणाचं अर्धं काळं होतंय. अर्धं काळं म्हणणारा कुणी भेटला की मला हायसं वाटायचं, की चला, आपण एकटे नाही.

बुधवारी ती हळूच म्हणाली, "आण्णा, हेडसेट काढल्यावरपण राहतंय ते थोडं."

मी स्क्रू पिळत होतो. मान वर न करता म्हणालो, "राहणारच. दिवसभर ते डबडं तोंडाला बांधून बसतेस. दिवसभर ट्रॅक्टर चालवून झोपलं की खाटसुद्धा हलतेय असं वाटतं माणसाला. तसलंच ते."

"होय?"

"होय तर."

"मग बरं," ती म्हणाली.

ते 'मग बरं' मी अजून ऐकतो. तिचा माझ्यावर केवढा विश्वास होता हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, चला, एक प्रश्न मिटला.

गुरुवारी जेवताना आई म्हणाली, "ही ताटाकडं अशी मान वर करून काय बघायलीय? सकाळी कपाटाचं दार लागलं कपाळाला."

"मान अवघडलीय तिची," मी म्हणालो. तिशानं मान खाली घातली आणि आमरसात चपाती बुडवली. वाटी कुठं आहे ते तिनं आधी बोटानं चाचपलं, तेही मी बघितलं. बघितलं आणि घास घेतला.

शनिवारी, अठरा तारखेला, दुपारी तिनं मला दुकानातून बोलावून घेतलं. आई बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेली होती, दर्शनाला. तिशानं हेडसेट काढून मांडीवर ठेवला होता.

"शाळा झाली," ती म्हणाली. "पण आता पोरं कमरेपासून खालीच दिसतात रे. नुसते पाय. विश्वस्तांनापण असंच दिसलं तर?"

माझं डोकं चालेना. सगळं करून झालं होतं. मग वाटलं, तिच्या त्या भिंगांनाच काही डाग पडला असेल, घामाचा, तेलाचा. मी बोटानं दाबून दोन्ही भिंगं सोडवली. दोन मिनिटं लागली असतील, जास्त नाही. उजेडात धरली. काचेसारखी स्वच्छ. आता भिंगं काढलीच आहेत तर बघू, म्हणून मी हेडसेट डोळ्यांवर चढवला.

मी शाळेत उभा होतो. अहो, काय शाळा होती. सकाळचं ऊन व्हरांड्यात तिरकं पडलं होतं आणि फरशीवर खिडक्यांच्या गजांच्या सावल्या होत्या. रंगीत दप्तरं घेतलेली पोरं उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत अख्खी. मी मान वळवली, चित्र माझ्याबरोबर वळलं, कुठं तुटलं नाही, थरथरलं नाही. मी चालत शेवटच्या भिंतीपर्यंत गेलो आणि वर बघितलं. घड्याळ होतं. सेकंदाचा काटा टिकटिकत होता. पावणेसहा.

काळं कुठं नव्हतं. या कोपऱ्यात नव्हतं, त्या कोपऱ्यात नव्हतं. मशीन नऊ दिवस मला सांगत होतं की माझ्यात काही बिघाड नाही, आणि मी त्याला खोटं ठरवत होतो. मी हेडसेट लगेच काढला नाही. काढला की तिच्याकडं बघावं लागणार होतं.

"दिसलं का काळं?" बाहेरून तिचा आवाज आला.

मी हेडसेट काढला. "तिशा, चष्मा घाल. समोरच्या कॅलेंडरकडं बघ. मान हलवू नको."

"बरं."

"काय दिसतंय?"

"तारखा. खालच्या दोन ओळी."

"आणि वर? चित्र?"

समोरच्या भिंतीवर बस्तीतून आलेलं कॅलेंडर होतं. त्याच्यावर भगवंतांचा फोटो, हातभर मोठा. तिनं मान मागं टाकली, फोटो सापडला तशी पुन्हा सरळ केली.

"आण्णा," ती म्हणाली, "हे मशीनचं नाही ना?"

मी हातातला हेडसेट टेबलावर ठेवला.

"मला थोडं कळत होतं," ती म्हणाली. "पण तू म्हणालास ना, म्हणून."

आईला बस्तीतूनच रिक्षात घेतलं आणि तिघं मिरजेला गेलो. डोळ्यांच्या डॉक्टर आठल्येबाई निघायच्या तयारीत होत्या, पण तिशाच्या चष्म्याचा नंबर ऐकून त्यांनी पर्स खाली ठेवली. डोळ्यात औषध घातलं, अर्धा तास बसवलं, मग डोक्याला दिवा लावून खूप वेळ बघत राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये काही उरलं नाही हे कळल्यावर माझं तोंड कसं होतं, ते मला आरशात बघायची गरज नाही. तसंच झालं होतं त्यांचं.

"आतला पडदा सुटलाय," त्या म्हणाल्या. "मधला भागसुद्धा. एवढ्या नंबराच्या डोळ्याला हे होऊ शकतं. चमकल्यासारखं दिसत होतं का आधी?"

"हो," तिशा म्हणाली.

"वरून सावली उतरल्यासारखं?"

"हो."

"कधीपासून?"

नऊ दिवस, हे शब्द माझ्या जिभेवर होते. नऊ दिवस, डॉक्टर, आणि रोज हिनं मला सांगितलं, आणि मी केबल बदलली. मी तोंड उघडलं. तिशा खुर्चीत सरळ बसली होती, औषधानं डोळे भरलेले, आणि माझ्या बाजूला तिनं बघितलंही नाही.

"नऊ दिवस झाले असतील," ती म्हणाली. "मला वाटलं मशीनचं आहे. मी घरात कुणाला बोललेच नाही."

"कुणालाच नाही?"

"नाही."

"अहो, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर कदाचित थोडक्यात वाचला असता हो डोळा." डॉक्टरबाई रागावून नव्हे, हळहळून बोलल्या. "आता मोठं ऑपरेशन. करूया. पण आशा किती लावायची ते मी आज सांगणार नाही."

आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी उघडलेलं तोंड मिटलं.

बास. एवढंच झालं. एखादा मिनिट असेल तो. त्या मिनिटात मी 'हिनं मला सांगितलं होतं' असं म्हणू शकलो असतो. त्यानं डोळा परत आला नसता, पण म्हणू शकलो असतो.

दोन ऑपरेशनं झाली. दर वेळी आठवडाभर तिला पालथं झोपवून ठेवावं लागलं, आणि मी तिच्या तोंडाखाली वाटी धरून तिला पेज पाजत होतो. शेवटी उजव्या डोळ्यात उजेड राहिला, आणि डोळ्यासमोर हात हलवला तर हललेला कळायचा. शाळा विश्वस्तांना फार आवडली, असं पुण्याहून कळवलं होतं. एका विश्वस्तांनी म्हणे विचारलं होतं, शाळेच्या घड्याळात पावणेसहा कसे. पुढं तिच्या जागेवर दुसरी मुलगी घेतली.

याला आता आठ वर्षं होतील. तिशा घर सांभाळते, बोलत्या फोनवर पुस्तकं ऐकते, गल्लीतल्या बायकांची पत्रं-अर्ज तोंडी रचून देते. कुरकुर नाही. कुरकुर आई करायची. आई शेवटपर्यंत तिला बोलत राहिली. ताटं मांडली की सुरू. "घरात एवढा हुशार भाऊ असताना, कॉम्प्युटरची खडानखडा माहिती असताना, एक शब्द सांगायचं नाही का गं? आण्णा काय खाणार होता तुला? असली कसली घुमी पोरगी ही." कधी चिडून, कधी रडून. तिशा म्हणायची, "चुकलं गं आई." आणि मी समोर बसून जेवायचो. सात वर्षं जेवलो मी असा.

गेल्या भाद्रपदात आई गेली. तेरा-चौदा दिवसांनी पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. तिशा स्वयंपाकघरात खाली बसून हातानं चाचपत तांदूळ निवडत होती. मी दारात उभा राहिलो.

"तिशा, आईला मी सांगायला पाहिजे होतं."

काय, ते तिनं विचारलं नाही. एक खडा चिमटीत धरला, बाजूला टाकला.

"सांगितलं असतंस तर तिला दोघांवर रागवावं लागलं असतं," ती म्हणाली. "एकीवर भागलं."

मला रडू आवरेना. ती उठली नाही, मला थांबही म्हणाली नाही. तांदूळ निवडून होईपर्यंत तिनं मला रडू दिलं. मग सूप बाजूला सरकवलं आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडं तोंड केलं.

"पावणेसहा झाले असतील आण्णा," ती म्हणाली. "ताटं घे."